साच्यावरचं डायमंड कोटिंग म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या टूलरूमच्या टेबलावर एक कोअर आला, म्हणजे प्लॅस्टिकच्या साच्यातला, पार्टला आतून आकार देणारा तुकडा. बोटभर लांब, पी-२० पोलादाचा. इलेक्ट्रिकलच्या कामाला लागणारा नायलॉनचा एक भाग त्यावर निघायचा आणि त्या नायलॉनमध्ये ३० टक्के काचेचे तंतू होते. साचा नवा होता तेव्हा या कोअरमध्ये तोंड दिसायचं. आता गेटसमोरची बाजू, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक जिथून आत घुसतं ती बाजू, नखाला करकरत होती. भिंगाखाली धरला तर सगळ्या रेघा एकाच दिशेनं गेलेल्या, ओढ्याचं पाणी वाळूत रेघा ओढतं तशा. पार्ट कोअरला धरून बसायचा, इजेक्टर पिना त्याला भोसकून बाहेर काढायच्या आणि ऑपरेटर दर पाच-दहा शॉटला (साचा एकदा भरून पार्ट काढला की एक शॉट) सिलिकॉनचा स्प्रे मारायचा.

साचा ज्यांचा होता ते म्हणाले, "डायमंड कोटिंग करून टाकूया की. एकदा हिरा बसला की परत बघायला नको."

हे वाक्य हल्ली शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार वसाहतीत बऱ्याचदा कानावर येतं. त्यात ‘हिरा’ हा शब्द आला की माणूस पुढं काही विचारत नाही आणि तिथंच पैसे वाया जायची सुरुवात होते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. आधीच सांगून टाकतो: खरा हिरा आणि पोलाद यांचं हाडवैर आहे. कोटिंगवाले ‘डायमंड’ म्हणून जे देतात तो बहुतेक वेळा हिऱ्याचा चुलतभाऊ असतो. हा चुलतभाऊ गुणी आहे, कामाचा आहे. फक्त तो काय करतो, काय करत नाही आणि त्याला खाली कसं पोलाद लागतं, हे माहीत पाहिजे.

आपल्या कोल्हापुरात फौंड्रीचं काम पोराटोरांनाही ठाऊक असतं, प्लॅस्टिकच्या साच्याचं तेवढं नसतं. फौंड्रीतला वाळूचा साचा एका ओतीनंतर फोडायचा असतो. प्लॅस्टिकच्या पोलादी साच्याकडून मात्र पाच-पाच लाख शॉटची अपेक्षा असते. प्रत्येक शॉटला २०० ते ३०० अंशांचं प्लॅस्टिक शेकडो बार दाबानं आत घुसतं, थंड होतं, आखडतं, कोअरला घट्ट मिठी मारतं आणि मग ओढून काढावं लागतं. साध्या पॉलिप्रॉपिलीननं साच्याला फारसं काही होत नाही. खरा त्रास काच मिसळलेल्या मालाचा. पी-२० पोलाद तयारच मिळतं, साधारण ३० रॉकवेलचं. रॉकवेल हे कडकपणाचं एक माप, विकर्स हे दुसरं. विकर्सच्या मापात सांगायचं तर ३०० च्या आसपास. काचेचा तंतू याच मापात ५०० च्या वर जातो. म्हणजे तुमच्या साच्यापेक्षा कडक असलेली जेमतेम दहा-बारा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची लाखो सुयांची टोकं दर शॉटला त्याच जागी घासत जातात. पीव्हीसीचा त्रास निराळा. तापमान जरा चढलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती पोलाद खाते.

म्हणजे साच्याच्या अंगावर असं काहीतरी हवं की जे झिजत नाही, चिकटत नाही आणि गंजत नाही. हिऱ्याकडं बघितलं की वाटतं, हे तर सगळं याच्यात आहेच! कडकपणा विकर्सच्या मापात १०,००० पर्यंत. घर्षण अगदी कमी. आम्ल-अल्कलीला दाद देत नाही. मग लावायचा कसा?

हिरा म्हणजे कार्बन. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनच. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १७९७ मध्ये हिरा जाळून दाखवलं की त्यातून निघतो तो निव्वळ कार्बनचाच वायू. फरक फक्त अणू कसे रचलेत याचा. हिऱ्यात प्रत्येक अणूनं चारी दिशांच्या चार अणूंचे हात धरलेले असतात, म्हणून कुठूनही ढकला, रचना हलत नाही. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तिघांचाच हात धरतो. त्यामुळं पत्र्यासारखे थर तयार होतात आणि ते एकमेकांवरून घसरतात. आपल्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. ग्रे आयर्नच्या चिपा हातात घेतल्या की बोटं काळी होतात, ते हेच ग्रॅफाइट.

हिरा जमिनीखाली प्रचंड दाबाखाली तयार होतो हे शाळेत शिकलो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं १९५५ मध्ये तसाच प्रचंड दाब देऊन कृत्रिम हिरा केल्याचं जाहीर केलं. पण त्याच्याही आधी, १९५२ च्या सुमारास, युनियन कार्बाइडमधल्या विल्यम एव्हर्सोल यांनी कमी दाबात, वायूपासून हिरा वाढवून दाखवला होता. ती पद्धत फार मंद होती म्हणून मागं पडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी शास्त्रज्ञांनी ती कामाच्या वेगावर आणली. आज गुजरीत गेलात तर सराफ ‘सीव्हीडी हिरा’ म्हणून जो दाखवतात, सुरतेत जो तयार होतो, तो याच पद्धतीचा.

ही पद्धत मला फार सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. एका बंद भांड्यातली हवा काढून घ्यायची. आत हायड्रोजन सोडायचा आणि त्यात जेमतेम एक टक्का मिथेन. वर टंगस्टनची तार २००० अंशांच्या पुढं तापवायची, खाली ज्या वस्तूवर हिरा हवा ती ठेवायची आणि तीही ७००-९०० अंशांवर. तारेच्या उष्णतेनं मिथेन फुटतो, कार्बन खाली बसायला लागतो. पण बसणारा कार्बन सगळाच हिरा नसतो, बरंचसं ग्रॅफाइटही उगवतं. इथं हायड्रोजन कामाला येतो. सुटा झालेला हायड्रोजनचा अणू ग्रॅफाइटला भराभर खाऊन टाकतो, हिऱ्याला मात्र जवळपास हात लावत नाही. उसाच्या सरीत भांगलण करावी तसंच हे. तण सतत उपटलं जातं आणि पीक हळूहळू वर येतं. हळूहळू म्हणजे तासाला मायक्रॉनभर. बियाणंही लागतं बरं का! ज्या वस्तूवर हिरा वाढवायचा तिला आधी हिऱ्याची बारीक पूड घासतात. ते कण कोंब धरतात आणि त्यांच्याभोवती थर वाढतो. साच्याला पॉलिश करताना आपण जी डायमंड पेस्ट वापरतो, तिच्यातली पूड याच जातीची.

सिलिकॉनवर, टंगस्टन कार्बाइडवर असा हिरा नीट बसतो. पोलादावर बसवायला जा, आणि एकापाठोपाठ एक सगळंच बिनसतं.

पहिली गोष्ट: लोखंडाला कार्बनची भूक आहे. फौंड्रीत हे आपण रोज बघतो. वितळलेलं लोखंड तीन-साडेतीन टक्के कार्बन सहज पिऊन घेतं आणि थंड होताना तोच कार्बन ग्रॅफाइट म्हणून बाहेर टाकतं. ८०० अंशांवरचं घन पोलादही हेच करतं. वरून आलेला कार्बन काही आत मुरतो, आणि जो पृष्ठभागावर राहतो त्याला लोखंड ग्रॅफाइटच्या रचनेकडं ढकलतं. हिरा उगवायच्या आधीच खाली काजळीचा थर. त्यावर पुढं हिरा आला तरी तो काजळीवरच उभा, फडक्यानं पुसला तरी निघेल.

आमचा डिप्लोमाचा पोरगा हे ऐकून म्हणाला, "पण सर, हिरा तर सगळ्यात कडक ना? मग लोखंड त्याचं काय वाकडं करणार?"

लेथवरचे मिस्त्री मागं न बघताच बोलले, "आरं, डायमंडच्या टिपनं पोलाद कधी कापलंयस व्हय? ॲल्युमिनियमला डायमंड लाव, दिवसभर चालंल. पोलादाला लाव, बघता बघता धार जाती. कडक लोखंडाला सीबीएन लागतंय."

मिस्त्रींनी पुस्तक वाचलेलं नाही, पण सांगितलं ते तंतोतंत खरं. (सीबीएन म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड, कार्बन नसलेला एक अतिकडक पदार्थ.) कार्बाइडच्या टूलला धार लावायला डायमंडचं चाक आणि हायस्पीड स्टीलच्या टूलला सीबीएनचं, हा नियम उद्यमनगरातल्या प्रत्येक शार्पनिंगवाल्याला पाठ आहे. कारण हेच. कापताना टोकाशी उष्णता होते आणि गरम लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं. इथं कडकपणाचा प्रश्नच नाही, ही रसायनाची ओढ आहे. थंड असताना हिऱ्याला काही होत नाही. रॉकवेल मशीनचा शंकू हिऱ्याचाच असतो, वर्षानुवर्षं पोलादावर टेकतो आणि शाबूत राहतो, कारण तिथं उष्णता नाही.

दुसरी गोष्ट: पाणी उतरतं. कोयत्याला पाणी पाजलेलं असतं, आणि तोच कोयता चुलीत राहिला तर त्याचं पाणी उतरतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. साच्याचं पोलादही तसंच. एच-१३ सारखं पोलाद हार्डन करून, मग ठिसूळपणा जावा म्हणून ५५०-६०० अंशांवर परत तापवतात, म्हणजे टेंपर करतात. ते परत ८०० अंशांवर काही तास ठेवलं तर कडकपणाही जातो आणि मापंही हलतात. शंभर तास खपून केलेल्या कॅव्हिटीचं, म्हणजे पार्टला बाहेरून आकार देणाऱ्या खळगीचं, माप दोन-चार शतांश हललं, तर वरचा थर हिऱ्याचा असून काय उपयोग?

आणि तिसरी, जी सगळ्यात चिवट आहे. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा ८०० अंशांवरून थंड झाला की साधारण एक मिलिमीटरनं आखडतो. हिऱ्याचा तेवढाच तुकडा जेमतेम पाव मिलिमीटर. वर चिकटलेला थर आखडायला तयार नाही, खालचं पोलाद तर आखडत चाललंय. थरावर विलक्षण दाब येतो आणि तो पापुद्र्यासारखा उचलला जाऊन निघून येतो. बऱ्याचदा भट्टी उघडायच्या आधीच.

यावर उपाय शोधणारी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पोर्तुगालमध्ये मारिन्या ग्रांदे नावाचं गाव आहे. अठराव्या शतकापासून काचेच्या कारखान्यांचं गाव. काचेसाठी साचे करता करता ते प्लॅस्टिकचे साचे करायला लागले, आणि आज त्यांचे साचे जगभर जातात. हे वाचलं की मला आपलं उद्यमनगर आठवतं. ऑइल इंजिनाचे भाग करता करता इथली माणसंही एका कामातून दुसरं काम शिकत गेली. त्याच देशातल्या आवेरो विद्यापीठातल्या संशोधकांनी साच्याच्या पोलादावर खरा हिरा बसवायचा बराच अभ्यास केला आहे. त्यांची युक्ती अशी की पोलाद आणि हिरा यांच्यामध्ये क्रोमियम नायट्राइडचा पातळ थर द्यायचा. हा मधला थर लोखंडाला वर येऊ देत नाही, कार्बनला खाली जाऊ देत नाही, आणि आखडण्यातला फरकही थोडा सोसून घेतो. भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये समजूतदार माणूस बसवावा तसा. यानं पहिला प्रश्न बराच सुटतो, तिसरा थोडा सुटतो, दुसरा तसाच राहतो. म्हणून छोट्या इन्सर्टवर, म्हणजे साच्यात वेगळा बसवायच्या तुकड्यावर, हे शक्य आहे, पण बादलीच्या किंवा गाडीच्या बंपरच्या साच्यावर खऱ्या हिऱ्याचं कोटिंग कुणी देतो म्हणाला, तर मी आधी त्याला भट्टीचं तापमान विचारेन. उत्तर ३०० अंशांच्या खाली आलं, तर तो खरा हिरा नाही.

मग तो काय आहे? त्याचं नाव डायमंड-लाइक कार्बन, बोलीत डीएलसी. ‘हिऱ्यासारखा कार्बन’. आयझेनबर्ग आणि शाबो या दोघांनी १९७१ मध्ये कार्बनच्या आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूंचा, झोत मारून असा थर तयार केला आणि हे नाव दिलं. खरा हिरा म्हणजे चिरेबंदी वाड्याची भिंत, प्रत्येक चिरा घडवून ओळीत बसवलेला. डीएलसी म्हणजे शेताच्या बांधावरचा गडगा. दगड तेच, रचना मात्र ओबडधोबड. काही अणूंनी हिऱ्यासारखे चार हात धरलेत, काहींनी ग्रॅफाइटसारखे तीन, मध्ये मध्ये हायड्रोजन अडकलेला. चार हातवाले जास्त तेवढा थर कडक. हायड्रोजन असलेला नेहमीचा डीएलसी विकर्सच्या मापात साधारण १५०० ते ३००० पर्यंत जातो. हायड्रोजन नसलेला, हिऱ्याच्या जास्त जवळचा एक प्रकार त्याच्या कितीतरी पुढं जातो, पण तो महाग, आणि थरातला ताणही जास्त. ५० रॉकवेलला हार्डन केलेलं पोलाद याच मापात ५०० च्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं की नेहमीचा डीएलसीसुद्धा किती पुढं आहे ते कळतं.

तो करायची रीत बघण्यासारखी आहे. गॅस वेल्डिंगवाला टॉर्च पेटवताना आधी नुसता ॲसिटिलीन सोडतो तेव्हा काय होतं? पिवळी ज्योत, आणि हवेत काळ्या काजळीचे धागे तरंगतात, कपड्यावर बसतात. डीएलसीच्या यंत्रात बहुतेक वेळा हाच ॲसिटिलीन वापरतात. फरक इतकाच की भांडं निर्वात असतं आणि वायूला विजेचा जोर देऊन त्याचा प्लाझ्मा केलेला असतो. मंद जांभळट उजेड दिसतो. साच्याच्या तुकड्याला ऋण व्होल्टेज दिलेलं असतं, त्यामुळं कार्बनचे आयन त्याच्यावर जोरात आदळतात. या आदळण्यानंच ते ग्रॅफाइटच्या सैल रचनेत न बसता दाटीवाटीनं, घट्ट बसतात. जो कार्बन टॉर्चपाशी फुंकरीनं उडतो, तोच इथं चाकूनं खरवडत नाही. आणि हे सगळं २०० अंशांच्या आसपास होतं. पोलादाचं पाणी उतरत नाही, आखडण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. कार्बन थेट पोलादावर न टाकता आधी क्रोमियमचा किंवा सिलिकॉनचा पातळ थर देतात, तीच मध्यस्थाची युक्ती. सगळं मिळून जाडी दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा.

आता आमच्या चुकीबद्दल. त्या कोअरच्या आधी, काही वर्षांपूर्वी, अशाच एका पी-२० च्या कोअरला आम्ही डीएलसी करून आणलं होतं. काळाभोर, आरशासारखा झालेला. सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. महिन्याभरात गेटपाशी आणि स्लाइड (साच्यातला सरकणारा भाग) जिथं येऊन बसते त्या कडेला थर उडाला. कोटिंगवाल्यानं आमच्यावर ढकललं, आम्ही त्याच्यावर. शेवटी भिंगाखाली धरला तेव्हा प्रकार समजला. थराला आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या भेगा होत्या, पण सुटलेला तुकडा उचलून बघितला तर तो अख्खा होता, झिजलेलाच नव्हता. त्याच्याखालचं पोलाद मात्र दबलं होतं. गादीवर काच अंथरून तिच्यावर पाय दिला तर काच फुटते, यात काचेचा काय दोष? खाली ३० रॉकवेलचं मऊ पोलाद, वर तीन मायक्रॉनचा कडक थर. दाब आला, पोलाद खचलं, थराला खचता आलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की जिथं जोराचा दाब किंवा ठोका आहे, तिथं कोटिंगचे पैसे आधी पोलादात आणि हार्डनिंगमध्ये घालावेत. एच-१३ घ्या, ५० रॉकवेलला न्या, शक्य असेल तर नायट्रायडिंग करून, म्हणजे पोलादात नायट्रोजन मुरवून, वरचा दहावा हिस्सा मिलिमीटर आणखी कडक करा, आणि मग डीएलसी. खाली पाया, वर गिलावा.

थर नीट धरला आहे का, हे तपासायची एक सोपी आणि आपल्या आवाक्यातली चाचणी आहे. साच्याबरोबर त्याच पोलादाचा, तेवढ्याच कडकपणाचा एक टेस्ट पीस कोटिंगला पाठवायचा. आला की हार्डनिंगवाल्याच्या रॉकवेल मशीनवर ठेवायचा आणि १५० किलोच्या नेहमीच्या लोडनं हिऱ्याचा शंकू टेकवायचा. टाचणीच्या डोक्याहून बारीक खड्डा पडतो. त्याचा आकडा बघायचा नाही, खड्ड्याची कड बघायची, शंभरपट मोठं दिसेल अशा सूक्ष्मदर्शकाखाली. कडेपासून बाहेर बारीक केसासारख्या चिरा गेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही. कडक थर वाकवला की चिरणारच. पण कडेभोवती थराचे पापुद्रे सुटून खालचं चकचकीत पोलाद दिसत असेल तर माल परत पाठवायचा. जर्मन इंजिनियरांच्या संघटनेनं याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, पहिल्या चार चालतात, पाचवी आणि सहावी नाही. कोटिंगवाल्याशी वाद घालण्यापेक्षा हा खड्डा समोर ठेवलेला बरा.

आता एका दाव्याबद्दल, कारण तो मला दोनदा ऐकवला गेला आहे. "हिरा तांब्यापेक्षा पाचपट उष्णता वाहतो. डायमंड कोटिंग केलं की साचा लवकर गार होणार, सायकल टाइम कमी होणार." यातला पहिला भाग खरा आहे. गुजरीतल्या सराफाकडं पेनासारखं एक यंत्र असतं. त्याचं टोक खड्याला लावलं की खरा हिरा असेल तर ते वाजतं. ते यंत्र हेच मोजतं, खडा टोकाची उष्णता किती झटकन ओढून घेतो. दुसरा भाग मात्र टिकत नाही, आणि त्यासाठी साधा हिशोब पुरतो. प्लॅस्टिकची उष्णता पाण्याच्या लाइनपर्यंत पोचायला समजा २० मिलिमीटर पोलाद ओलांडते. त्यावरचा थर ५ मायक्रॉनचा, म्हणजे चार हजारावा भाग. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटरचा रस्ता खड्ड्यांचा आहे आणि त्यातले पन्नास-साठ मीटर तुम्ही गुळगुळीत केले, तर पुण्याला किती लवकर पोचाल? त्यातून डीएलसी तर हिऱ्यासारखी उष्णता वाहतच नाही, त्याबाबतीत तो पोलादापेक्षाही मंद आहे. तो इतका पातळ आहे की त्यानं नुकसान होत नाही, एवढंच. सायकलमधला निम्म्याहून जास्त वेळ गार होण्यातच जातो, हे खरं. तो कमी करायचा तर पाण्याची लाइन कॅव्हिटीच्या जवळ आणा, गरम राहणाऱ्या कोपऱ्यात बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट बसवा. कोटिंगनं वेळ वाचतो तो निराळ्या कारणानं. पार्ट सहज सुटतो, स्प्रे मारायला मशीन थांबवावं लागत नाही.

डीएलसीचा सगळ्यात रोकडा फायदा मला दिसतो तो इजेक्टर पिना, स्लाइड आणि लिफ्टर यांच्यावर. पोलादावर पोलाद घासतं तिथं ग्रीस लागतं, ग्रीस कमी पडलं की पिन धरते, आणि धरलेली पिन भोकाला ओरबाडते. डीएलसीचं घर्षण कोरडं असतानाही फार कमी असतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं, सिरिंजचे भाग अशा कामात ग्रीसचा ठिपकाही चालत नाही, तिथं याला तोड नाही. शिवाय पिना लहान, खर्च थोडा. पहिल्यांदा करून बघणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. पार्ट सुटण्याबाबत मात्र सरसकट हमी कुणाचीच घेऊ नये. एखादा माल डीएलसीवरून लोण्यासारखा सुटतो, दुसरा क्रोमियम नायट्राइडवरून जास्त बरा सुटतो. आपल्याच मालानं एका इन्सर्टवर बघावं.

पीव्हीसीचा साचा असेल तर डीएलसीच्या भरवशावर साधं पोलाद वापरू नका. इतक्या पातळ थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच आणि आम्ल तिथून आत शिरतं. खाली स्टेनलेस जातीचंच पोलाद हवं. गंजाचंही तसंच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर चिलरचं गार पाणी साच्यात फिरतं आणि बाहेरची दमट हवा साच्यावर दव धरते. मशीन बंद करताना पाणी आधी बंद करायचं, साचा पुसायचा, गंजरोधक मारायचं, हे कोटिंगनंतरही सुटत नाही.

कोटिंगला पाठवायच्या आधीचं काम कंटाळवाणं आहे, पण अर्धा निकाल तिथंच लागतो. थर रेघा झाकत नाही. दोन मायक्रॉनच्या थराखालून प्रत्येक रेघ जशीच्या तशी वर येते, म्हणून पॉलिश आधी पूर्ण करायचं आणि शेवटचा हात पार्ट सुटतो त्या दिशेनं. स्पार्क मशीनवर केलेल्या पृष्ठभागावर वितळून गोठलेली ठिसूळ कात असते. ती दगडानं पूर्ण काढायची, नाहीतर थर त्या कातीसकट निघून येतो. सिलिकॉनचा स्प्रे वर्षभर खाल्लेला साचा नुसता पुसून चालत नाही, भोकांतलं तेल निर्वात भांड्यात बाहेर येतं आणि सगळा थर घाण बसतो. सगळे भाग सुटे करून द्यायचे. पोलाद कोणतं, शेवटचं टेंपरिंग किती अंशांवर झालं, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं. डी-२ पोलाद कुणी २०० अंशांना टेंपर केलेलं असेल आणि कोटिंगची भट्टी त्याच्या वर गेली तर पाणी उतरणार. अरुंद, खोल रिब, म्हणजे पार्टच्या पातळ पट्टीसाठीची खाच, असेल तर तळाशी थर पोचत नाही. तोंड जेवढं रुंद, साधारण तेवढीच खोली भरवशाची धरावी. आणि बारीक फिट असलेल्या पिनेला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मायक्रॉन वाढणार, हे आधीच मापात धरायचं.

तो पावसाळ्यातला कोअर आम्ही परत पी-२० चा केला नाही. गेटसमोरचा भाग कापून तिथं एच-१३ चा वेगळा इन्सर्ट बसवला, ५० रॉकवेलला हार्डन करून, दगड मारून, पॉलिश करून मग डीएलसीला दिला. टेस्ट पीसच्या खड्ड्याची कड स्वच्छ आली. आता तो साचा दर काही हजार शॉटनंतर उतरला की पोरगा आधी इन्सर्ट पुसतो आणि खिडकीशी धरून गेटसमोरची जागा बघतो. काळ्या रंगात कुठं राखाडी झाक येते का, राखाडीत कुठं पोलादाची चमक डोकावते का. चमक दिसली की पुढचा शॉट मारायचा नाही. उरलेला कार्बन ऑक्सिजनच्या प्लाझ्मात जाळून काढता येतो, आणि खालचं पोलाद अजून शाबूत असेल तर त्याच मापावर नवा थर बसतो. काल बघितला तेव्हा काळा होता, फक्त गेटच्या वरच्या कडेला तांदळाएवढी राखाडी झाक आली होती. पोरानं तारीख आणि शॉटचा आकडा वहीत लिहिला आणि साचा परत मशीनवर चढवला.